घोड्याची डोप टेस्ट कशी होते, आणि आपल्या खोंडाचं काय

आटपाडीकडच्या एका तरुण गाडीमालकाने विचारलं आहे. त्यांच्या आदत (दुधाचे दात अजून न पडलेल्या) खिलार खोंडाचा पुढचा उजवा पाय दुखत होता. मैदानाच्या, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या, पाच दिवस आधी गावातल्या एका जाणकाराने त्याला फिनाइलब्युटाझोन या वेदनाशामकाचं इंजेक्शन टोचलं. खोंड पळाला, गट पास झाला, सेमीला मागे पडला. नंतर कुणीतरी म्हणालं, "पुण्याच्या रेसकोर्सवर असता तर लघवी तपासून बाद केला असता." हे खरं आहे का, ती तपासणी नेमकी कशी होते, पाच दिवसांनीही औषध सापडतं का, आणि आपल्या मैदानांवर असं काही का होत नाही, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी पशुवैद्य आहे. उमेदीची बरीच वर्षं रेसच्या घोड्यांत गेली. आता साताऱ्यात गाई-बैलांची कामं करतो आणि मैदान असलं की जनावरं तपासायलाही जातो. दोन्हीकडचं पाहिलेलं असल्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी सरळ उत्तर: हो, बाद केला असता. आणि योग्यच केलं असतं.

पाय दुखत होता, औषध दिलं, आणि पळवला. तुमच्या प्रश्नातल्या या तीन गोष्टी एका पाठोपाठ एक वाचल्या तेव्हा मला लघवीपेक्षा त्या पायाची जास्त काळजी वाटली. डोपिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जनावराला चेव आणणारं काहीतरी येतं. तसलं असतंच. पण जगभरच्या रेसकोर्सवर सापडतात त्या औषधांत मोठा वाटा तुमच्या-आमच्या दवाखान्यातल्या साध्या औषधांचा असतो: वेदनाशामकं, सूज उतरवणारी स्टिरॉइड्स, जागा बधिर करणारी इंजेक्शनं. औषध वाईट म्हणून त्यावर बंदी नाही. त्याच्या अमलाखाली जनावर पळवू नये, एवढंच त्या नियमाचं म्हणणं आहे. आजारी घोड्याला औषध जरूर द्या, पण ते अंगातून पूर्ण उतरेपर्यंत त्याला शर्यतीत आणू नका.

यामागचं कारण हाडांत आहे. वेगाने पळणाऱ्या जनावराच्या पायाच्या हाडांना बारीक, केसासारख्या भेगा पडत असतात. विश्रांती मिळाली तर त्या भरून येतात. दुखत असेल तर घोडा त्या पायावर भार कमी टाकतो, आणि तेच त्याचं संरक्षण असतं. वेदनाशामक दिलं की दुखणं जातं, भेग तशीच राहते. मग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावताना तेच हाड तुटतं. घोडा संपतो, पाठीवरचा जॉकी मागून येणाऱ्या घोड्यांच्या टापांखाली सापडतो. बैलाचा वेग कमी असतो, पण मागे गाडी असते, गाडीवर ड्रायव्हर उभा असतो आणि दोन्ही बाजूंना गर्दी असते. बैल कोसळला तर काय होतं हे मैदानावर जाणाऱ्याला सांगायला नको.

आता पाच दिवसांचा हिशोब. हा नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यांची फसगत होते.

घोड्याच्या रक्तातलं फिनाइलब्युटाझोन साधारण सहा तासांत निम्मं होतं. पुढच्या सहा तासांत त्याच्या निम्मं, असं उतरत जातं. पाच दिवस म्हणजे १२० तास, म्हणजे वीस वेळा निम्मं. कागदावर दहा लाखांतला एक भाग उरतो. प्रत्यक्षात औषध इतक्या सरळ रेषेत उतरत नाही. यकृतात त्याचं रूपांतर होऊन ऑक्सिफेनब्युटाझोन तयार होतं, ते लघवीत रेंगाळतं, आणि आजची यंत्रं इतकी बारीक पाहतात की युरोपातल्या प्रयोगशाळांनी या औषधाचा आढळकाळ, म्हणजे ते नमुन्यात सापडत राहतं तो काळ, १६८ तास, म्हणजे सात दिवस, दिलेला आहे. फ्लुनिक्सिन आणि मेलॉक्सिकॅम ही दुसरी वेदनाशामकं: त्यांचा अनुक्रमे १४४ आणि ७२ तास. म्हणजे तुमचा खोंड घोडा असता तरी पाचव्या दिवशी सापडला असता.

पण तो घोडा नाही. बैलाच्या अंगात हेच फिनाइलब्युटाझोन निम्मं व्हायला दोन दिवस किंवा त्याहून जास्त लागतात. पंचावन्न तास धरले तर पाच दिवसांनी जवळजवळ पाचवा हिस्सा रक्तात तसाच फिरत असतो. तुमचा खोंड औषध उतरल्यावर पळाला नाही, औषधावरच पळाला. मेलॉक्सिकॅमचंही तसंच आहे: घोड्यात आठ तासांच्या आसपास निम्मं होतं, गोवंशात त्याला पूर्ण दिवस लागतो. गुंगीच्या झायलाझिनची घोड्याला लागते त्याच्या दहाव्या हिश्श्याची मात्रा बैलाला पुरते. म्हणून घोड्यांचे आढळकाळाचे तक्ते मोबाइलवर बघून बैलाचे दिवस मोजणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की ते तक्ते तुमच्यासाठी नाहीत. गोवंशाच्या औषधांवर जो काळ छापलेला असतो तो दूध आणि मांसातल्या अंशाबद्दल असतो. शर्यतीसाठी तो कुणी मोजलेला नाही.

घोड्यांच्या बाबतीतही हे आकडे म्हणजे परवाना नव्हे. आढळकाळ म्हणजे थोड्या निरोगी घोड्यांना ठरलेली मात्रा देऊन, त्या सगळ्यांच्या नमुन्यांत औषध दिसेनासं व्हायला किती वेळ लागला त्याची नोंद. तुमचा घोडा वयस्क असेल, मात्रा दोनदा दिली असेल, मूत्रपिंड मंद असेल, तर तो आकडा लागू पडत नाही. किती दिवस थांबायचं हे उपचार करणारा पशुवैद्य वर भर घालून ठरवतो. सांध्यात थेट स्टिरॉइड टोचलं तर ब्रिटनमध्ये चौदा दिवस घोडा पळवताच येत नाही, मग लघवी स्वच्छ असो वा नसो. मला हा नियम सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो, कारण तो औषधाकडे न पाहता सांध्याकडे पाहतो.

आता तपासणी. शर्यत संपली की जिंकलेला घोडा, आणि स्टुअर्ड म्हणजे पंच सांगतील ते आणखी काही घोडे, नमुना घ्यायच्या तबेल्यात नेतात. अपेक्षेपेक्षा फार वाईट पळालेला घोडाही नेला जातो, कारण मुद्दाम हरवण्यासाठी गुंगी दिलेली असू शकते. घोड्याबरोबर त्याचा सईस, म्हणजे देखभाल करणारा माणूस, जातो आणि शेवटपर्यंत नजर हलवत नाही. घोड्याची ओळख पटवली जाते, हल्ली त्यासाठी मानेत मायक्रोचिप असते. त्याला धुतात, फिरवतात, श्वास खाली बसला की कोरड्या, नव्या गवतावर सोडतात. मग सईस शीळ घालतो. घोड्याला लहानपणापासून शिळेवर लघवी करायची सवय लावलेली असते. लांब दांड्याच्या टोकाला स्वच्छ भांडं लावलेला माणूस बाजूला थांबलेला असतो. ठरलेल्या वेळेत घोड्याने लघवी केली नाही तर मानेच्या शिरेतून रक्त घेतात.

यानंतरचं जे काम आहे त्यावर सगळा डोलारा उभा आहे. प्रशिक्षकाच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करतात, 'ए' आणि 'बी'. दोन्ही बाटल्यांना सील लागतं. सीलवर फक्त क्रमांक असतो, घोड्याचं किंवा मालकाचं नाव नसतं. कागदावर सह्या होतात. नमुना थंड ठेवून प्रयोगशाळेत जातो आणि वाटेत तो कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला त्याची नोंद राहते. प्रयोगशाळेतल्या माणसाला घोडा कोणाचा हे ठाऊक नसतं. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य चाचणी प्रयोगशाळेत माणसांबरोबर घोड्यांचे नमुनेही तपासले जातात.

तिथे आधी चाळणी होते: एकाच फेरीत शेकडो द्रव्यांचा शोध. संशय आला की त्याच 'ए' नमुन्याचा वेगळा भाग घेऊन खात्री करतात. द्रव वर्णलेखनाने घटक वेगळे काढायचे आणि वस्तुमान वर्णपटमापकावर प्रत्येक रेणूचे तुकडे करून त्यांची वजनं पडताळायची. एका रेणूचे तुकडे ठरावीक वजनांचे आणि ठरावीक प्रमाणातच पडतात. खऱ्या औषधाचा ज्ञात नमुना शेजारी चालवून दोन्ही जुळले तरच 'सापडलं' असं लिहितात. प्रशिक्षकाला मान्य नसेल तर 'बी' बाटली उघडते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी व्हिएन्नात घोड्याच्या लाळेतून अल्कलॉइड शोधायला सुरुवात झाली, तिथपासून ही विद्या इथवर आली आहे. पण अनुभवाने सांगतो, रसायनशास्त्रावर वाद क्वचित होतो. वकील भांडतात ते सीलवर आणि सहीवर.

काही द्रव्यांचा नुसता अंश सापडणं पुरेसं नसतं, कारण ती चाऱ्यातून किंवा शरीरातूनच येतात. त्यांना मर्यादा ठरवल्या आहेत. घोड्यांच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे आकडे बहुतेक देश वापरतात. लसूणघासात सॅलिसिलिक आम्ल असतंच, म्हणून लघवीच्या मिलिलिटरमागे ७५० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. कोको बियांच्या टरफलातून येणाऱ्या थिओब्रोमिनला २ मायक्रोग्रॅम. कोबाल्टला ०.१ मायक्रोग्रॅम, कारण तांबड्या पेशी वाढवण्यासाठी कोबाल्टच्या क्षाराचा मारा करायची एक लाट मध्यंतरी आली होती आणि त्याने घोड्यांच्या हृदयावर आणि नसांवर परिणाम होतो. खायच्या सोड्याचंही तसंच आहे. शर्यतीआधी नाकातून नळी घालून साखर-सोड्याचं पाणी पोटात सोडलं की स्नायूंत साठणारं आम्ल मारलं जातं आणि घोडा उशिरा थकतो. ते पकडायला शर्यतीआधी रक्त घेऊन त्यातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजतात. लिटरमागे ३६ मिलिमोलची हद्द ओलांडली की घोडा बाद. बैलाच्या पोटफुगीवर आपण सोडा देतोच, पण बैल पळायला न्यायचा असेल त्या दिवशी पोट फुगलं असेल तर त्याला गोठ्यातच ठेवावं.

जबाबदारी कोणाची, हा भाग गाडीमालकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. रेसमध्ये नियम असा की नमुन्यात औषध सापडलं तर ते कसं आलं याची पर्वा न करता घोडा बाद होतो आणि बक्षीस परत जातं. प्रशिक्षकाला उत्तर द्यावं लागतं. 'मला माहीत नव्हतं' म्हटल्याने शिक्षा कमी होईल, निकाल बदलत नाही. २०१४ मध्ये इंग्लंडच्या राणीची 'एस्टिमेट' नावाची घोडी अ‍ॅस्कॉट गोल्ड कपमध्ये दुसरी आली. तिच्या नमुन्यात मॉर्फिन निघालं. खसखशीच्या झाडाचा अंश खाद्यात मिसळला होता, कुणाचाही हेतू नव्हता, प्रशिक्षकाला दंडही झाला नाही. तरी राणीची घोडी बाद झाली. २०२१ च्या केंटकी डर्बीत पहिला आलेला 'मेडिना स्पिरिट' मिलिलिटरमागे अवघ्या २१ पिकोग्रॅम बीटामेथासोनमुळे पुढच्या वर्षी बाद ठरला. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. घोड्याच्या बाजूने सांगितलं गेलं की त्वचेच्या मलमातून औषध गेलं. नियामकांनी म्हटलं, वाट कुठलीही असो, शर्यतीच्या दिवशी ते अंगात नको. काहींना हे कठोर वाटतं. मला वाटत नाही. हेतू सिद्ध करायची अट घातली असती तर आजवर एकही घोडा बाद झाला नसता.

खरा हेतुपुरस्सर प्रकार मात्र शर्यतीच्या दिवशी सहसा सापडत नाही. स्नायू वाढवणारी स्टिरॉइड्स सरावाच्या काळात दिली जातात आणि शर्यतीपर्यंत निघून जातात, पण त्यांनी कमावलेलं अंग राहतं. म्हणून शर्यत नसताना अचानक तबेल्यात जाऊन नमुने घेतात, आयाळीचे केसही घेतात, कारण केसांत महिन्यामहिन्यांचा इतिहास राहतो. २०१३ मध्ये न्यूमार्केटच्या एका नामवंत तबेल्यात अशाच अचानक तपासणीत ११ घोड्यांत स्टिरॉइड्स सापडली आणि प्रशिक्षकावर आठ वर्षांची बंदी आली.

आपल्या भागात अजाणता काय काय अंगात जाऊ शकतं, हेही सांगतो. सोयाबीनच्या किंवा मक्याच्या रानात धोत्रा उगवतो आणि कापणीत चाऱ्याबरोबर येतो. त्यातलं स्कोपोलामिन घोड्याच्या नमुन्यात सापडलं की गुन्हाच. चहाचा चोथा आंबोणात घालायची सवय अनेक गोठ्यांत आहे, त्यातून कॅफीन जातं. ताकदीचं म्हणून मिळणाऱ्या काही गावठी पुड्यांत कुचला असतो, कशात सोमल म्हणजे आर्सेनिक. कुचल्यातलं स्ट्रिक्नीन हे शर्यतीतलं फार जुनं विष आहे आणि सोमलाने जनावराच्या अंगावर आलेली चकाकी पाहून भुलू नका. प्रोकेन पेनिसिलिन हे साधं प्रतिजैविक, पण त्यातलं प्रोकेन बधिर करणारं आहे आणि ते लघवीत आठवड्यांनीही दिसू शकतं. आणि गोठ्यात माणसांनी लघवी करणं बंद करा. गोळ्या घेणाऱ्या सईसाच्या लघवीने ओलं झालेलं गवत खाऊन घोडे पॉझिटिव्ह आलेले आहेत.

आता आपल्याकडे हे का नाही. रेसकोर्सवरचा बंदोबस्त सरकारी कायद्यातून आलेला नाही. घोड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबचे स्वतःचे नियम आहेत. प्रशिक्षक, जॉकी, सगळे क्लबच्या परवान्यावर काम करतात. परवाना काढून घेतला की पोट बंद, म्हणून नियम पाळले जातात. शिवाय सगळे घोडे ठरलेल्या तबेल्यांत राहतात, कोण कुठे आहे हे माहीत असतं. आपल्या मैदानांना असा एक मालक नाही. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं मैदान वेगळ्या समितीचं, खानापूर तालुक्यातलं वेगळ्या मंडळाचं, खोंड आज इथे तर उद्या कर्नाटकाच्या सीमेवर.

कायदा मात्र आहे. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या, महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून नियम केले, १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाकडून जनावराची तपासणी, हजार मीटरच्या आतली धाव, दारू किंवा उत्तेजक देण्यास मनाई, हे सगळं त्या नियमांत आलं. मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नियम कागदावर आहे, पण बाटली, सील आणि प्रयोगशाळा नाही. मी मैदानावर दाखला देतो तो डोळ्यांनी आणि हातांनी पाहून. लंगडणारा बैल मला दिसतो. ज्याचं लंगडणं इंजेक्शनने झाकलंय तो दिसत नाही, आणि धोका त्यालाच सर्वांत जास्त असतो. या गोष्टीने मला खरंच झोप येत नाही.

दिल्लीसारखी प्रयोगशाळा विट्यात किंवा कराडात उभी राहणार नाही, आणि त्यासाठी थांबायचीही गरज नाही. नमुना घेणं बैलाचं घोड्यापेक्षा सोपं आहे, शिस्नाच्या आवरणावर हळू चोळलं की तो बहुधा लघवी करतो. फायनलच्या पहिल्या तीन जोड्या आणि चिठ्ठी टाकून निघालेली एखादी, एवढ्यांचे नमुने दोन बाटल्यांत घ्यावेत, मालकासमोर सील करावेत, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक कागदावर लिहावा आणि गोठवून ठेवावेत. तपासायला पाठवायचे थोडेच, पण कोणता पाठवला जाईल हे कुणाला कळू नये. बक्षिसाच्या मोठ्या रकमा जिथे लागतात तिथे एका बक्षिसातून हा खर्च निघतो. त्याच्याही आधी करता येईल ते काम म्हणजे औषधांची वही. प्रत्येक पळाऊ बैलाची एक, त्यात तारीख, औषध, मात्रा, देणाऱ्याची सही. मैदानावर दाखला देताना पशुवैद्याने ती मागायची, वही नाही तर गाडी जुंपायची नाही. यासाठी कुठल्याही यंत्राची गरज नाही. सातारा-सांगलीच्या चार-पाच मोठ्या यात्रा समित्यांनी एकत्र बसून ठरवलं तर पुढच्या हंगामात सुरू होईल.

आता तुमच्या खोंडाबद्दल. पुढची मैदानं सोडा. इंजेक्शन कोणी दिलं, किती मिली दिलं, बाटलीवर नाव काय होतं हे लिहून ठेवा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. पुष्कळ जागी फिनाइलब्युटाझोन आणि सोडियम सॅलिसिलेट एकत्र असलेली बाटली वापरतात, तीच असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. निदान दोन-तीन आठवडे कुठलंही वेदनाशामक नको. मग औषध पूर्ण उतरल्यावर सकाळी, काहीही न जुंपता, खोंडाला कडक जमिनीवर दाव्याने दुडकीने पळवून बघा. समोरून बघा. दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. तसं दिसलं तर आधी खूर बघा, खिळा, खडा, तळव्यातली सूज. खूर स्वच्छ असेल आणि नडगीवर किंवा गुडघ्याखाली दाबल्यावर तो पाय ओढून घेत असेल तर एक्स-रे काढल्याशिवाय त्याला गाडीला लावू नका. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेता आलं तर उत्तम. आदत खोंडाची हाडं अजून वाढत आहेत. चौसा होईपर्यंत, म्हणजे चार पक्के दात येईपर्यंत, थांबलात तर तो पुढची कित्येक वर्षं पळेल.